मुठीच्या रेषेतलं पातं

कट्यार हातात घेतली की मनगटाला करण्यासारखं फारसं काही उरत नाही. सुरी, खंजीर, जंबिया यांचं पातं मुठीतून निघताना हाताच्या रेषेशी कोन करून निघतं आणि टोक कुठं न्यायचं हे मनगट ठरवतं. कट्यारीला तशी मूठच नाही. दोन समांतर लोखंडी पट्ट्या कोपराच्या दिशेनं मागं येतात आणि त्यांच्यामध्ये दोन आडव्या दांड्या जोडलेल्या असतात. त्या दांड्यांवर मूठ आवळली की पातं बोटांच्या पेरांसमोरून सरळ पुढं निघतं. खांदा, कोपर, मूठ आणि टोक एका ओळीत येतात. टोचायची हत्यारं जगभर झाली, पण ही रचना हिंदुस्थानची. १४ व्या शतकात इथं आलेल्या इब्न बतूतानं नांगराच्या फाळासारख्या एका लोखंडी हत्याराचं वर्णन करून ठेवलं आहे. त्यात हात घालायचा, ते पुढचा हात झाकतं आणि त्याचा घाव जीवघेणा असतो, असं तो सांगतो. १६ व्या शतकातल्या दक्षिणी कट्यारी तर आज प्रत्यक्ष पाहता येतात.

ही रचना कशासाठी झाली, असं विचारलं की दोन उत्तरं ठरलेली. आखाड्यात विचारलं तर चिलखत फोडायला. संग्रहालयात विचारलं तर दरबारात मिरवायला. दोन्ही उत्तरं देणारी माणसं जाणकार असतात, म्हणूनच त्यांना एकमेकांसमोर बसवावं असं मला फार वाटत होतं. एक कोल्हापूरचे, मर्दानी खेळाच्या आखाड्याचे वस्ताद. दुसऱ्या, जुन्या धातूच्या वस्तूंचं जतन करणाऱ्या संवर्धक. टेबलावर तीन कट्यारी होत्या : सोन्याच्या कामाची उत्तरेकडची, एक साधी दक्खनी आणि एक हातावर जाळीदार ढापण असलेली तंजावरी घडणीची. वस्तादांनी शिकवायची बोथट कट्यार स्वतःच्या पिशवीतून काढून चौथी म्हणून शेजारी ठेवली.

वस्ताद : ताई, ती सोन्याची राहू दे बाजूला. ही साधी द्या हिकडं. हिचं पातं बघा, मधे पातळ करत आणलंय, दोन्ही अंगानं खोलगट केलंय. आणि टोकाला? टोकाला पुन्हा जाड. लोहार एवढा उलटा उद्योग उगाच करत न्हाई. चिलखताच्या कडीत घुसवायला केलंय हे टोक.

संवर्धक : टोक जाड आहे हे मान्य. ते चिलखतासाठीच आहे, हे कशावरून?

वस्ताद : मग कशासाठी?

संवर्धक : हाडासाठी. छातीवर वार केला की बरगडीला लागण्याची शक्यताच जास्त. पातळ टोक हाडावर वाकतं, नाहीतर मोडतं. त्यातून आपलं ते नावाजलेलं पोलाद, मुशीत वितळवून काढलेलं, पृष्ठभागावर जौहर, म्हणजे पाण्याच्या लाटांसारखी नक्षी, दिसणारं. त्यात कार्बनचं प्रमाण भरपूर. धार सुरेख लागते, पण वाकण्याआधी तुटण्याचा त्याचा स्वभाव. असं पोलाद हाती असलेला कारागीर टोकाला माल शिल्लक ठेवणारच. पुढं माणूस उघडा असो की चिलखतातला, ही काळजी त्याला घ्यावीच लागते.

वस्ताद : आणि मधली खोलगट जागा?

संवर्धक : वजन कमी करायला. मधे उंच शीर ठेवली आणि दोन्ही बाजूंनी धातू काढला तर पातं हलकं होतं, पण ताठपणा शिरेमुळे टिकतो. त्या खोलगट भागाला लोक रक्त वाहून जायची पन्हळ म्हणतात. तसं काही नसतं.

वस्ताद : ते आम्ही पण पोरांना सांगतो, पन्हळ-बिन्हळ काही न्हाई म्हणून. पर कडीचं अजून सोडलं न्हाई मी. कडी फुटते.

संवर्धक : कशी फुटते ते बघू. चांगल्या चिलखतातली प्रत्येक कडी चार शेजारच्या कड्यांत ओवलेली आणि तिची टोकं रिव्हेटनं बसवलेली. बारीक टोक कडीत शिरतं, हे बरोबर. पण शिरल्यावर पातं रुंद व्हायला लागतं. म्हणजे पहिली कडी ताणून फोडायची, मग तिच्या शेजारची, मग तिच्या पलीकडची. तुमची ही कट्यार मुळाशी चांगली तीन बोटं रुंद आहे. चिलखत भेदायलाच केलं असतं तर पातं टोकापासून मुळापर्यंत सुईसारखं राहिलं असतं. युरोपात तसं केलेलं आहेच.

वस्ताद : कुठलं म्हणता?

संवर्धक : रॉन्डेल म्हणतात त्या खंजिराला. १४ व्या आणि १५ व्या शतकात तिथले सरदार डोक्यापासून पायापर्यंत पोलादी पत्र्यात. त्यांच्यासाठी हा खंजीर : अरुंद, ताठ पातं, काहींचा छेद त्रिकोणी नाहीतर चौकोनी, काहींना धार अशी नाहीच. मुठीच्या दोन्ही टोकांना दोन गोल चकत्या, म्हणजे हात पुढं घसरत नाही आणि वरच्या चकतीवर दुसऱ्या तळव्यानं दाबता येतं. आणि एवढं करूनसुद्धा तो पत्रा फोडायला नव्हता, वस्ताद. तो पत्र्याच्या फटी शोधायला होता. काख, मांडीचा सांधा, शिरस्त्राणाची डोळ्यांपुढची चीर.

वस्ताद : हे पुस्तकातलं झालं.

संवर्धक : हाडावरचंही आहे. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५ साली बॉसवर्थच्या लढाईत मारला गेला. २०१२ मध्ये लेस्टर शहरात त्याचा सांगाडा सापडला. मरणाच्या वेळच्या ११ जखमा हाडांवर मोजता आल्या, त्यांतल्या ९ कवटीवर. त्यांतली एक कवटीच्या माथ्यावरची, लहानशी, खंजिराच्या टोकानं व्हावी तशी. राजा होता, उत्तम चिलखत अंगावर असणार. पण जखमांची दाटी डोक्यावर आहे, म्हणजे तेव्हा शिरस्त्राण तिथं नव्हतं. आधी लोखंड दूर झालं, मग पाती चालली.

वस्ताद थोडा वेळ गप्प होते. मग त्यांनी आपली बोथट कट्यार उचलली आणि खुर्ची मागं सारली. मला इथं नोंदवून ठेवावंसं वाटतं की पुढचं त्यांनी जे दाखवलं ते मी आजवर वाचलेल्या कुठल्याही वर्णनापेक्षा स्पष्ट होतं. डावा पाय पुढं, गुडघ्यात वाक, डाव्या हातात ढाल आहे असा तो हात अंगासमोर, उजवी मूठ कमरेशी. मग मागचा पाय पुढं आला, त्याबरोबर कंबर वळली, कंबरेमागून खांदा आला आणि सगळ्यात शेवटी मूठ सरळ झाली.

वस्ताद : बघितलंत? ही ताकद हाताची न्हाई, पायाची हाय. सुरी घेऊन हेच करायला जा, टोक कशाला लागलं की मनगट दुमडतं आणि निम्मा जोर तिथंच मरतो. हिच्यात दुमडायला जागाच न्हाई. हे दोन बाहू मनगटाच्या दोन्ही बाजूंनी मागं आलेत ना, ते मनगटाला वाकू देत न्हाईत. वरून कुणी हातावर वार केला तर तो पण ह्या पट्टीवर येतो. माणसाचं अख्खं वजन टोकावर जातं. म्हणून म्हणतो, कडी फुटते.

संवर्धक : मग मी तुमच्याच इतिहासातला दाखला देते. प्रतापगड, १० नोव्हेंबर १६५९.

वस्ताद : त्यावर आम्ही काय बोलायचं राहिलंय?

संवर्धक : पराक्रमाबद्दल नाही बोलत मी. हत्याराबद्दल बोलते. सभासदाच्या बखरीत काय आहे? अफझलखानानं शिवाजी महाराजांची मान काखेत दाबली आणि हातातल्या जमदाडीचं म्यान टाकून ती त्यांच्या कुशीत चालवली. जमदाड म्हणजे कट्यारच. वरून जरीची कुडती, आत चिलखत. कट्यार त्यावर खरखरली, अंगाला लागली नाही. खान अंगानं दांडगा, वार अगदी जवळून, तोही बेसावध गाठून. तरी कडी फुटली नाही. सभासद महाराजांच्या पदरी राहिलेला माणूस. त्यानं बखर लिहिली ती १७ व्या शतकाच्या अखेरीस जिंजीला, म्हणजे घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी, हे लक्षात घेऊनही मी म्हणेन की चिलखतावर कट्यार चालल्याचा इतका नेमका मराठी मजकूर दुसरा मी वाचलेला नाही. आणि त्याचा निकाल माझ्या बाजूनं आहे.

वस्ताद : निकाल तुमच्या बाजूचा न्हाई, ताई. तुम्ही हत्यार बघितलं, अंतर न्हाई बघितलं.

संवर्धक : म्हणजे?

वस्ताद : खान कुठं उभा होता? मिठीत. एक हात मानेला गुंतलेला. पाय कुठं टाकणार? कंबर कुठं वळवणार? आत्ताच दाखवलं मी, हिचा जोर पायातून येतो, आणि पाऊल टाकायला हिला जागा लागते. मिठीत कट्यार म्हंजे नुसता हात. नुसत्या हातानं कडी फुटत न्हाई, हे मी पण मानतो. उलट महाराजांनी काय घेतलं होतं? वाघनख आणि बिचवा. बिचव्याचं पातं बघा, बारीक, लहान, दोनदा वळलेलं. त्याला पाऊल टाकावं लागत न्हाई. मनगट वळलं की ते पोटात फिरतं. वाघनख तर तळहातातच. मिठीत चालणारी हत्यारं ती. कट्यार मिठीतली न्हाईच.

संवर्धक : आणि खानाच्या अंगात नुसता झगा होता, असं तोच सभासद सांगतो.

वस्ताद : ते तर झालंच. ज्यानं आधी विचार केला, त्यानं अंगात लोखंड घातलं आणि हातात जवळचं हत्यार घेतलं. हा सगळा अंतराचा हिशोब हाय.

मला वाटतं, या वादातला सगळ्यात मोलाचा मुद्दा इथं वस्तादांच्या हाती लागला. अफझलखान-भेटीवर मराठीत किती लिहिलं गेलं आहे, पण तीन आखूड हत्यारं आणि एक चिलखत एकाच क्षणी एकमेकांसमोर आली, त्या हत्यारांची घडण वेगवेगळ्या अंतरांसाठी होती, या नजरेनं त्याकडं क्वचितच पाहिलं जातं. आपण खंजीर, कट्यार, बिचवा हे सगळं 'जवळून मारायचं' म्हणून एका खणात टाकतो. जवळ म्हणजे किती जवळ, हाच तर घडणीचा प्रश्न असतो. बाईंनी हा मुद्दा सोडला नाही, उलट पुढं नेला.

संवर्धक : तुमचं म्हणणं खरं धरलं तर कट्यार हा खंजीरच नाही. युरोपातला खंजीर कुस्तीतला आहे. इटलीत फिओरे दे लिबेरी नावाचा वस्ताद होऊन गेला, १४१० च्या सुमारास त्यानं आपली विद्या चित्रांसह लिहून काढली. तलवार, भाला, घोड्यावरची लढाई, सगळं आहे. खंजिराचं प्रकरण चांगलं मोठं आहे, आणि त्यात वार करण्यापेक्षा समोरच्याचं मनगट कसं धरायचं, कोपर कसा मुरगळायचा, खंजीर हातातून कसा सोडवायचा हेच जास्त. तिथं खंजीर बहुधा उलटा धरतात, टोक करंगळीकडून खाली. वरून खाली ठोकायचा. कट्यार उलटी धरताच येत नाही.

वस्ताद : येत न्हाई. आणि हातातून सहजासहजी काढून पण घेता येत न्हाई, कारण हात तिच्यात अडकलेला असतो. मनगट धरायला जावं तर तिथं ह्या दोन पट्ट्या. कट्यार म्हंजे एका पावलाच्या अंतरावरचा आखूड भाला समजा. एक पाऊल टाकायचं, खुपसायची, त्याच पावलानं मागं यायचं. मागं येताना अडकत न्हाई, कारण पातं पाचरीसारखं, टोकाकडं निमुळतं. ओढली की सुटते.

संवर्धक : मग त्या एका पावलावर समोर उभा कोण असायचा? कड्यांच्या चिलखतातला माणूस? दख्खनच्या उन्हात, मावळातल्या पायदळात, असे कितीजण असतील? चिलखत महाग, जड आणि तापणारं. सामान्य शिपायाला परवडायचं ते कापसाचं. भरतीचा, टाके घातलेला जाड अंगरखा.

वस्ताद : गोधडीसारखा शिवलेला.

संवर्धक : हो. आणि आता या पात्याकडे पुन्हा बघा. कापसाचे दाबून शिवलेले थर हे फसवं चिलखत असतं. बोथट, गोल, सुईसारखं टोक त्यात रुततं, पण धागे बाजूला सारत सारत त्याचा जोर संपतो. धागे कापावे लागतात. त्यासाठी टोकाच्या लगेच मागं, दोन्ही बाजूंना, रुंद होत जाणारी धार हवी. तुमच्या कट्यारीत नेमकं तेच आहे. टोक न मोडण्यापुरतं जाड, आणि त्याच्या मागं दोन धारा. कड्यांसाठी ही चुकीची घडण आहे. कापसासाठी आणि कापसाआडच्या हाडासाठी बरोबर आहे.

वस्ताद : (पातं बोटावर तोलत) ह्याचा मी असा विचार केला नव्हता. पर एक सांगा, ही तंजावरची? हिला टोकाला जाडी न्हाई. लवचिक हाय. पातं पण लांब.

संवर्धक : कारण ते पातं इथलं नाहीच. युरोपातल्या तलवारीचं पातं आहे, कापून इथल्या मुठीत दोन पट्ट्यांमध्ये रिव्हेट मारून बसवलेलं. पोर्तुगीज आल्यापासून पश्चिम किनाऱ्यावर ही पाती उतरत होती. आपल्याकडं फिरंग नावाची तलवार याच पात्यांची. दक्षिणेत त्यांच्या कट्यारीही झाल्या. आणि हाच माझा प्रश्न आहे : जाड टोक चिलखतासाठी इतकं अत्यावश्यक असतं, तर दक्षिणेतल्या लोकांनी हौसेनं पातळ टोकाची परदेशी पाती का बसवली असती?

वस्ताद : कारण त्यांनी तिचा खेळ बदलला. पातं एवढं लांब झालं की ती नुसती खुपसायची राहत न्हाई, आखूड दांडपट्ट्यासारखी कापायला पण चालते. म्हणून तर हातावर हे ढापण हाय. कापाकापीत समोरच्याचं पातं घसरत तुमच्या बोटांवर येतं. आखूड कट्यारीत ती भीती कमी.

संवर्धक : आणि उत्तरेकडच्या कट्यारींवरून १७ व्या शतकात हे ढापण जवळजवळ नाहीसंच होतं. का?

वस्ताद : तिकडं तिचा वापर तसा नसेल.

संवर्धक : माझं उत्तर सांगते. ढापण शेल्यात अडकतं. मोगल चित्रं काढून बघा, दख्खनी सुलतानांच्या दरबारातली बघा. माणूस उभा आहे, अंगात तलम जामा, कमरेला पटका आणि पटक्यात पुढच्या बाजूला तिरपी खोवलेली कट्यार. तिची ती दोन बाहूंची मूठ पटक्याच्या वर दिसते, कापडाला टेकून राहते, खाली घसरत नाही. लढाईतून ती कंबरेत आली, आणि कंबरेत बसण्यासाठी तिनं आपलं ढापण टाकलं. मग मुठीवर सोन्याचं काम आलं. पोलादावर बारीक रेघा ओढून जाळी करायची, त्यावर सोन्याची तार ठोकून बसवायची. म्यानाला मखमल. जहांगीरच्या आत्मचरित्रात रत्नजडित कट्यारी आणि फूलकटारे बक्षीस दिल्याच्या नोंदी वारंवार येतात. माझ्यासमोर दुरुस्तीला ज्या येतात त्यांतल्या कितीतरी कट्यारींच्या दांड्यांवर, म्हणजे नेमकी मूठ आवळली जाते तिथं, सोनं शाबूत असतं. त्या कधी आवळल्याच गेल्या नाहीत.

वस्ताद : ज्या आवळल्या गेल्या त्या तुमच्यासमोर येतील कशा?

संवर्धक : तेही एक कारण असेल.

वस्ताद : एक न्हाई, तेच कारण. शिपायाची कट्यार झिजली की लोहाराकडं गेली, तिचा विळा झाला. राजाची कट्यार मखमलीत राहिली. तुम्ही मखमलीतल्या मोजून म्हणता, बघा, कट्यारी मखमलीतच असायच्या. तंजावरचंच घ्या ना. व्यंकोजीराजांपासून आपल्या लोकांचं राज्य. किती हत्यारं होती तिथं?

संवर्धक : प्रचंड. १८५५ मध्ये शेवटचे राजे, दुसरे शिवाजी, वारसाविना वारले आणि इंग्रजांनी संस्थान खालसा केलं. मग १८६० च्या दशकात ते शस्त्रागार मोडलं. निवडक नमुने मद्रासच्या संग्रहालयासाठी काढले आणि उरलेली हत्यारं तोडून भंगाराच्या भावानं विकली.

वस्ताद : निवडली कुठली असतील?

संवर्धक : (थांबून) कोरीव कामाची.

वस्ताद : झालं तर मग.

संवर्धक : नाही, झालं नाही. कोरीव कामाची निवडली तरी तंजावरच्या त्या कोरीव मुठींमध्ये खरोखर लढाऊ पाती आहेत, आणि त्यांवर पुन्हा पुन्हा धार लावल्याच्या खुणा असतात. सजावट असली म्हणजे वापर नसतो, असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच की कट्यारीच्या घडणीचा निम्मा भाग ती कंबरेत कशी दिसेल, कशी टिकेल, हातात किती चटकन येईल, यानं ठरला. रणांगणानं एकट्यानं ठरवला नाही.

वस्ताद : दरबारात पण माणसं मेलीत हिनं. अमरसिंह राठोड.

संवर्धक : १६४४. आग्र्याच्या किल्ल्यात, शाहजहान हजर असताना. मीरबक्षी सलाबतखानाशी बोलाचाली झाली आणि अमरसिंहानं कंबरेतली कट्यार काढून त्याला जागीच मारलं. हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे, वस्ताद. सलाबतखानाच्या अंगावर दरबारी कपडे होते. कड्या नव्हत्या, भरतीचा अंगरखाही नव्हता. आखूड हत्यारांनी मेलेल्यांची जी प्रसिद्ध नावं आपल्याला माहीत आहेत त्यांतले बहुतेक असेच मेलेत, घरातल्या नाहीतर सभेतल्या कपड्यांत.

वस्ताद : आणि ह्याला चिलखतभेदी म्हणत बसलो आपण.

संवर्धक : विक्रेत्यांच्या तोंडी तो शब्द आवडीचा आहे. तसाच तो कात्री-कट्यारीचा प्रकार. दांड्या दाबल्या की एका पात्याची तीन पाती होतात, 'शत्रूच्या पोटात उघडते' असं सांगून विकतात. अशा बहुतेक १९ व्या शतकातल्या. पात्याच्या आत दुसरं पातं बसवायचं म्हणजे बाहेरचं पोकळ आणि पातळ आलं, बिजागरी आली. मुठीच्या दाबानं ती मांसात उघडणं शक्य नाही. ज्या काळात कट्यारीचं काम संपत आलं होतं त्या काळातली ती कारागिराची करामत.

वस्ताद : आमच्या आखाड्यात तसली आणली एकानं. मी हात लावला न्हाई. खेळणं ते.

या एका बाबतीत दोघांचं पटलं आणि मलाही ते पटतं. १८७८ च्या शस्त्रकायद्यानंतर सामान्य माणसाच्या कंबरेतून हत्यारच गेलं. कट्यार राहिली ती देवघरात, दसऱ्याच्या पूजेत, लग्नात नवरदेवाच्या हाती आणि भिंतीवर. पुढं मराठी माणसाच्या मनात ती पक्की बसली ती पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या 'कट्यार काळजात घुसली'मुळे. तिथंही ती दरबारी मानाची खूण आहे, जिच्या धन्याला एक खून माफ. बाईंची बाजू बळकट करणारंच हे सगळं. पण वस्तादांकडं एक अशी गोष्ट आहे जी बाईंच्या प्रयोगशाळेत नाही : पिढ्यान्‌पिढ्या शरीराला शिकवलेली चाल. ती चाल १७ व्या शतकातलीच आहे असं कुणी छातीठोक सांगू नये. आखाडे बंद पडले, पुन्हा उभे राहिले, खेळ प्रेक्षकांसमोर गेला तसा त्यात दिखावाही शिरला. तरी मूठ अशी धरली की पाऊल असंच पडतं, हे त्या लोखंडाच्या आकारातच लिहिलेलं आहे. तो आकार बदललेला नाही. म्हणून हत्याराच्या घडणीबद्दल बोलताना मी संग्रहालयाच्या नोंदवहीइतकंच वजन वस्तादांच्या गुडघ्यातल्या त्या वाकण्याला देतो.

वस्ताद : ताई, मला एक सांगा. तुमचं ते कापसाचं म्हणणं. ते तपासता येईल का?

संवर्धक : येईल. लोहाराकडून दोन पाती करून घ्यायची. एक अशी, टोकाला जाड आणि मागं दुधारी. एक रॉन्डेलसारखी, अरुंद आणि बिनधारेची. दोन्ही याच मुठीत बसवायची, म्हणजे हाताचा फरक राहणार नाही. सुती कापडाचे थर दाबून, टाके घालून जाड पट्टा करायचा. दुसरा नग कड्यांचा, आणि कड्या रिव्हेट केलेल्याच हव्यात. नुसत्या वाकवून जोडलेल्या कड्या सहज उघडतात. त्यावर प्रयोग करून 'चिलखत फुटलं' म्हणणाऱ्या पुष्कळ चित्रफिती आहेत, त्यांतून काही कळत नाही. आणि जोर मोजायला वरून ठराविक उंचीवरून वजन सोडायचं.

वस्ताद : वजन न्हाई सोडायचं.

संवर्धक : का? दर वेळी सारखाच जोर मिळतो.

वस्ताद : सारखा जोर कट्यारीत नसतोच. वजन सोडलं की फक्त टोक तपासलं. मूठ कशासाठी केली, ते बाहू कशासाठी केले, ते राहूनच गेलं. मी मारतो, आखाड्यातली दोन पोरं मारतील. एकदा पाऊल टाकून, एकदा पाय न हलवता.

संवर्धक : चालेल, पण वजनाचंही करू. दोन्ही आकडे हवेत मला. आणि पट्टा लाकडी चौकटीला ठोकून बसवू म्हणजे हलणार नाही.

वस्ताद : ते तर अजिबात नको. माणूस भिंतीला ठोकलेला असतो का? घाव लागला की तो मागं हटतो, जोर तिथंच निम्मा होतो. वाळूचं पोतं टांगा, माणसाच्या वजनाचं, आणि पट्टा त्याच्यावर आवळून बांधा. आणि आत लाकडाच्या पट्ट्या घाला, बरगडीच्या अंतरानं.

संवर्धक : लाकूड नको, म्हशीची बरगडी मिळेल खाटकाकडं. हाडाचं काम हाडानंच व्हायला हवं.

वस्ताद : आणि तिसऱ्यांदा मिठीतून. एक हात पोत्याच्या गळ्यात घालून. खानासारखं.

संवर्धक : त्या वेळी पट्टा कड्यांचा लावायचा, आणि वर जरीचं नाही तरी एखादं जाड कापड. सभासदानं कुडती वर आणि चिलखत आत सांगितलंय. कापड वर असलं की टोक कडीत नेमकं बसत नाही, सरकतं. ते मात्र मला डोळ्यांनी बघायचंय.